थलमाईचा मुलगा

महाड,
२२ जानेवारी १९९८

प्रिय इरावती,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. शाळेच्या तपासणीत उत्तराला उशीर झाला. इकडे सगळे मजेत. आमच्या आमोदला बिरवाडीला नोकरी लागली.

तुझ्या इथल्या व्याख्यानानंतर न भेटताच निघाले, घरी पाहुणे येणार होते, असं मी फोनवर म्हणाले. पाहुणे कोणी नव्हते. तुझ्या पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीवर माझंही नाव घालू का, असं विचारलंस. त्याआधी हे वाच.

बी.एड.ला आपण दोघींनी मिळून टिपणं काढली. येशूचा शिष्य बार्थोलोम्यू कल्याणला आला होता म्हणतात. पण तो होता कोण? बार्थोलोम्यू म्हणजे थलमाईचा मुलगा, एवढंच. बायबलात ज्याला नथनेल म्हणतात तो हाच की दुसरा, हेही कोणी ठाम सांगत नाही. पुढे माझं लग्न झालं, पोलादपूरची शाळा आली, वह्या तुझ्याकडे राहिल्या. तू प्राध्यापक झालीस, त्यावरून पुस्तिका काढलीस. मी ती विकत घेतली आणि वर्षभर उघडली नाही. जळत होते गं.

त्या दिवशी वाचनालयात तू म्हणालीस, "कापडे गावच्या पोरीला नाव विचारलं तर ती म्हणते, 'मी रायबाची हाय, बाई.' तसा हा थलमाईचा." सगळे हसले. इरावती, ती पोर माझ्या वर्गातली! तिची गोष्ट मीच तुला पत्रातून कळवली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्याकडे प्रश्न चिठ्ठीवर लिहून अध्यक्षांकडे द्यायचे, खाली नाव घालायचं नाही. 'नथनेल आणि बार्थोलोम्यू एकच, याला पुरावा काय? की ऐकीव गोष्टींवर पुस्तक छापलंत?' ती चिठ्ठी माझी. याला उत्तर नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तुझी फजिती व्हावी म्हणूनच लिहिली.

आणि तू म्हणालीस, "पुरावा नाही. ही शंका पहिल्यांदा माझ्या मैत्रिणीने काढली. रायबाची लेकही तिचीच. विनोदिनी, जरा उभी राहतेस?"

माना वळल्या. मी चपला हातात घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले. रस्ताभर तुझाच राग येत होता. निदान चिडायचंस तरी! मोठेपणाही तुझ्याच वाट्याला.

आता तू ठरव. 'नाव घालू नकोस' असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मला ते हवंय गं. तुझ्या नावाच्या खाली असलं तरी चालेल.

'तुझीच' लिहायला हात न धजणारी,
विनोदिनी