विहीणबाईंचं मत

५ जानेवारी, रविवार

क्षिप्राने वाचनाचा ग्रुप काढलाय. व्हॉट्सॲपवर. महिन्याला एक पुस्तक वाचायचं, आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओवर जमून त्यावर बोलायचं. लग्न होऊन पोरगी बंगलोरला गेल्यापासून आमचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का, जेवले, ठेवते'. दिवाळीलाही आले नाहीत दोघं, निशांतला म्हणे सुट्टी नव्हती. आता निदान रविवारी तासभर दिसेल. इतका आनंद झाला की कुकरकडे लक्षच राहिलं नाही. डाळीचा गोळा!

'पहिलं पुस्तक कुठलं घ्यायचं? प्रत्येकाने एक नाव सुचवा,' असं तिने लिहिलंय. मला विचार करायची गरजच नाही. 'मिठागरावरची मनी'. बारकंसं पुस्तक आहे, मुलांचं. क्षिप्राला कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा आठवडाभर तेच वाचून दाखवलं होतं. कंटाळून एखादं वाक्य गाळलं की लगेच पकडायची — 'आई, बगळा राहिला.' ते पुस्तक आमच्या दोघींचं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

मग ग्रुपमध्ये कोणकोण आहे ते पाहिलं. उत्कर्षा, तिची कॉलेजातली मैत्रीण, ऐरोलीला असते. केयूर, ऑफिसातला. निशांत, आमचे जावई. आणि राजनंदिनी — विहीणबाई! त्यांचं इथे काय काम, असं वाटतंय तोवर उत्कर्षाने विचारलं, 'कुणाची आयडिया गं ही?' क्षिप्राने उत्तर दिलं, 'आईंची.'

आईंची. माझी असती तर 'आईची' लिहिलं असतं. तिला मराठी मीच शिकवलंय, ती अनुस्वार चुकायची नाही. एका टिंबाने दुपारचं जेवण कडू केलं.

७ जानेवारी, मंगळवार

नावातच राज आणि नंदिनी. मी नुसती स्मिता.

१२ जानेवारी, रविवार

पहिली व्हिडिओ मीटिंग झाली. संपताच लिहायला बसलेय.

मी सकाळीच आंघोळ करून, ती अबोली रंगाची साडी नेसून बसले. ह्यांना हॉलमधला टीव्ही बंद करायला लावला. स्क्रीनवर चौकोन चौकोन आले. एकात उत्कर्षा, एकात केयूर, एकात मी एकटी. आणि एकाच चौकोनात क्षिप्रा आणि विहीणबाई! खांद्याला खांदा लावून. मध्ये एक शाल, दोघींच्या मांडीवर मिळून. एकाच घरात राहतात तर एकाच फोनवर बसणार, हे मला कळतं. मला सगळं कळतं. पोटात दुखायचं ते दुखतंच.

निशांत नव्हता. 'टूरवर आहे,' क्षिप्रा म्हणाली.

विहीणबाई कोल्हापूरच्या, तिकडच्या बायकांसारखं 'येतो-जातो' बोलतात. 'काय ताई, बरं हाय न्हवं? मला काय वाचायला जमत न्हाई हो, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं पाणी येतंय. क्षिप्रा रोज संध्याकाळी वाचून दाखवती, मी ऐकत बसतो.' रोज! मोठ्याने वाचायला हिला कुणी शिकवलं? कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, कोण घसा बसेपर्यंत शिकवत होतं खांदेश्वरच्या ह्या घरात? आणि ऐकतंय कोण! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

एवढंही चाललं असतं. मला क्षिप्रा 'ए आई' म्हणते, त्यांना 'अहो आई'. लग्नापासून ह्या एका गोष्टीवर मी तग धरून आहे. तर आज ती म्हणाली, 'ए आई, चष्मा घाल ना, नीट दिसत नाहीये तुला.' मी इकडून म्हटलं, 'घातलाय की गं.'

ती माझ्याशी बोलत नव्हती.

उत्कर्षा हसली, चांगल्या मनाने हसली असेल. क्षिप्राच्या लक्षातसुद्धा आलं नाही. विहीणबाईंच्या आलं. त्यांनी चष्मा घातला आणि मान खाली घातली.

पुस्तकं सुचवून झाली. केयूरने कुठलं तरी इंग्रजी सांगितलं आणि स्वतःच मागे घेतलं. उत्कर्षाला काहीही चालतं. मी 'मनी' म्हटलं तेव्हा वाटलं होतं, क्षिप्रा एकदम उजळेल. ती नुसती 'हं' म्हणाली आणि खाली बघायला लागली. विहीणबाईंनी सांगितली एक सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी. दोघींची अर्धी वाचून झालीय म्हणे. 'निम्म्यात सोडवत न्हाई बघा.' मुखपृष्ठावर घोडा. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं!

मंगळवारी ग्रुपवर मतदान.

१३ जानेवारी, सोमवार

ह्यांना ग्रुपमध्ये घ्यायला लावलं. न्हावा शेव्याच्या बंदरात कस्टममधून लोकांचे कंटेनर सोडवण्यात ह्यांचं आयुष्य गेलं, पुस्तक शेवटचं कधी हातात धरलं ते त्यांनाच आठवत नाही. म्हणाले, 'मी काय वाचणार?' म्हटलं, 'वाचू नका. फक्त मत द्या.'

'कुणाला?'

'कुणाला म्हणजे?'

'बरं बरं,' म्हणाले.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ घ्या, गोड बोला. आज माझ्या तोंडून गोड काही निघणार नाही, ते इथे लिहून मोकळी होते.

मी सकाळी सगळ्यात आधी मत दिलं. मनीला. मला काय ठाऊक, त्या मतावर बोट ठेवलं की कुणी कुणाला दिलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं! आपल्याकडे मत गुप्त असतं, एवढंच मला माहीत. दोन तास ग्रुपवर एकच मत होतं. स्मिताने स्मिताला दिलेलं. केयूरने वर अंगठा टाकला. जमीन दुभंगावी असं वाटलं.

मग एकेक आलं. उत्कर्षा — मनी. केयूर — घोडा. क्षिप्रा — घोडा.

क्षिप्रा, घोडा. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

हे ऑफिसातून आले, सोफ्यावर बसून फोन काढला आणि मत दिलं. घोड्याला. मी म्हटलं, 'अहो, हे काय केलंत?' तर शांतपणे म्हणतात, 'अगं, मुलीची सासू आहे. त्यांचा मान ठेवायला नको? आपण मुलीकडचे.' लग्नात आहेर कमी पडला म्हणून आता पुस्तकात मान! मी रागाने लाडवाचं ताट आत नेऊन ठेवलं. एकही दिला नाही.

आणि सगळ्यात शेवटी राजनंदिनी. त्यांनी मत दिलं मनीला.

मला! मला नको होतं ते मत. कालपरवा माझी पोरगी घेतली, आज वर मोठेपणाही घेतला. स्वतःच्या पुस्तकाला मत देणारी मी, आणि दुसऱ्याच्या पुस्तकाला देणाऱ्या त्या, हे आता बंगलोरपासून ऐरोलीपर्यंत सगळ्यांना नावासकट दिसतंय. हे पुन्हा म्हणाले, 'बघ, त्यांनीही मान ठेवला.' ह्यांना लाडू दिले नाहीत तेच बरं झालं.

तीन-तीन झालेत. फक्त निशांतचं मत राहिलंय.

१५ जानेवारी, बुधवार

निशांतला मेसेज केला. एकट्याला, ग्रुपवर नाही. 'संक्रांतीच्या शुभेच्छा. आमच्या क्षिप्राला नीट सांभाळताय ना? पुस्तकाचं मत तेवढं द्या, सासूची लाज राखा.' शेवटी हसरा चेहरा टाकला. जावयाशी थोडी थट्टा चालते.

त्याने वाचलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

निशांत ग्रुपमध्ये नाहीच! नावं पुन्हा पुन्हा खालीवर करून पाहिली. बाहेर पडलाय.

एवढं काय लिहिलं होतं मी? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे विहीणबाईंचंच काम. समोरून मला मत द्यायचं आणि मागून पोराला उठवायचं. ह्याला म्हणतात करून सवरून नामानिराळं राहणं.

क्षिप्राला तडक फोन लावला आणि जे मनात होतं ते सगळं सांगितलं. 'तुझ्या सासूनेच त्याचे कान भरले असणार,' हेही सुनावलं.  

क्षिप्रा म्हणाली, 'आई, त्यांच्याबद्दल असं बोलू नकोस.'

'त्यांच्याबद्दल बोललेलं तुला लागतं. मला काय लागतं ते?'

'तुझं पुस्तक घेऊ या,' ती म्हणाली. 'माझं मत बदलते. तुझंच पहिलं. ठेवते.'

जिंकले मी. हे घरी आले तर त्यांना सांगितलंसुद्धा नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

क्षिप्राचा फोन नाही. मीही केला नाही.

१९ जानेवारी, रविवार

आजची मीटिंग. मनीचं पहिलं प्रकरण मी वाचून दाखवायचं, असं क्षिप्राने कालच ग्रुपवर लिहिलं होतं. बाकी एक अक्षर नाही. पुस्तकाचा कणा सुटलाय, चिकटपट्टी लावून घेतलं.

चौकोन उघडले. बंगलोरच्या चौकोनात आज एकट्या विहीणबाई. 'क्षिप्राचं डोकं दुखतंय, आत पडलीय,' म्हणाल्या. मला ते खरं वाटलं नाही. माझ्यावर रागावून आत बसली असणार. पंधरा दिवस मी ज्या तासासाठी जळले, भांडले, त्यात ती नव्हतीच! ज्यांना ऐकवायचं नव्हतं त्या तेवढ्या पुढे बसलेल्या.

वाचलं मात्र चांगलं. रागात माझा आवाज बरा लागतो. केयूर मध्येच कॉफी आणायला गेला. उत्कर्षाची मुलगी येऊन तिच्या मांडीवर बसली. विहीणबाई डोळे मिटून ऐकत होत्या, जरासुद्धा हलल्या नाहीत. त्यांच्या मागे एक दार होतं, अर्धं उघडं. मी सारखी त्या दाराकडे बघत होते. एकदा वाटलं, पलीकडे कुणीतरी उभं आहे.

वाचून झाल्यावर म्हणाल्या, 'ताई, तुमचा आवाज अगदी क्षिप्रासारखा हाय.'

'क्षिप्राचा माझ्यासारखा आहे,' मी म्हटलं.

'व्हय,' त्या म्हणाल्या. 'तुमचंच खरं.' आणि कॅमेरा बंद केला. बंद करताना त्यांचे डोळे लाल दिसले. मला वाटलं, बरी जिरली.

२१ जानेवारी, मंगळवार

दुपारी विहीणबाईंचा फोन आला. एकटीलाच बोलायचंय म्हणाल्या.

निशांत दसऱ्यापासून त्या घरात राहत नाही. ऑफिसातल्या एका बाईबरोबर राहतो. माझा मेसेज त्याने तसाच क्षिप्राला पाठवला, खाली लिहिलं, 'तुझ्या आईला अजून सांगितलं नाहीस?' आणि ग्रुप सोडला. क्षिप्रा मला सांगायला घाबरत होती. तिला वाटायचं, आईला सहन व्हायचं नाही.

'मी पोराकडं गेलो न्हाई, ताई. तिच्यापाशी राहिलो. पोटचा हाय म्हणून चूक लपत न्हाई. पोरगी कुणाशी बोलत न्हवती. तुमच्याशी तरी बोलंल, म्हणून ते वाचायचं काढाय लावलं.'

मी ह्या कानावरचा फोन त्या कानावर घेतला.  मग म्हणाल्या, 'लेक तुमची हाय. म्हणत असाल तर उद्याच तुमच्याकडं आणून सोडतो.'

मी विचारलं, 'तिला काय हवंय?'

'ते माझ्या तोंडनं नको, ताई,' त्या म्हणाल्या. मला कळलं.

'नको,' मी म्हटलं. 'तुमच्याजवळच राहू दे.'