रात्रीची गोळी

१० नोव्हें., सोम.
ओपीडी तुडुंब. कारखाने सुरू झालेत, त्यामुळे ऊसतोडीवाले. कोयत्याचे घाव, पोरांचे खोकले. चहा मिळाला दुपारी, तोही गार. बेळगावात लोकांनी शाल-नारळ देऊन पाठवलं होतं, मॅडम मिशनच्या दवाखान्यात फुकट सेवा करणार म्हणून. सेवा कसली, नुसती मारामार!

सिस्टर लूसी, इथल्या नर्सांची प्रमुख, म्हणे, "डॉक्टर, तुम्ही पेशंटवर ओरडता." ओरडत नाही. बेळगावात वडगावला माझ्या दवाखान्याशेजारी विणकरांचे माग खडखडायचे, त्यावरून बोलायची सवय. आवाजच तसा झालाय.

कमलाक्का आलत्या, निपाणीकडच्या, तंबाखूची शेती आहे त्यांची. साखर भलतीच वाढलीय. सकाळची गोळी चालूच होती, आता रात्रीची पण दिली. बरोबर सून होती, त्रिशला. सगळं समजावलं तरी दारात घुटमळत होती. फार शंका काढते बाई. शेवटी घालवली.

१३ नोव्हें., गुरु.
सकाळी कमलाक्कांना गाडीत आडवं घालून आणलं. बेशुद्ध. लुगडं घामानं चिंब. साखर इतकी खाली की मशीन बिघडलं वाटलं, दुसऱ्यावर पाहिली. तेवढीच. ग्लुकोज लावलं, डोळे उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा लावलं. दुपारपर्यंत हेच.

बाहेर मुलगा, भरतअण्णा, बायकोवर ओरडत होता.
"आईला काय दिलीस तू?"
"मॅडम रात्री द्या म्हणाल्यात. तिन्ही रात्री नवाला दिली."
"जेवण सांजच्याला झालं, आन् गोळी नवाला? अक्कल हाय का न्हाय तुला?"
मग माझ्याकडं वळून, एकदम हळू आवाजात, "मॅडम, तुम्ही बराबरच सांगितलं असणार. हिच्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

मी काय म्हणाले? "आधी पेशंट बघू या." बास. एवढंच म्हणाले आणि आत गेले.

त्याच दिवशी, संध्या.
जैन घर. दिवस मावळायच्या आत जेवण, त्यानंतर पाण्याचा थेंब नाही. ही गोळी घेतली की पोटात अन्न लागतं, नाहीतर साखर खाली, खाली, खाली. रात्रभर बाई उपाशी झोपली, आत गोळी काम करत राहिली.

मला माहीत नव्हतं म्हणावं तर तेवढंही तोंड नाही. कॉलेजात रूममेट जैन होती. तिचं जेवण मी मेसमधून लवकर आणून द्यायची. वर्षानुवर्षं.

आणि त्रिशला दारात काय विचारत होती ते आता आठवतंय. "रात्रीच द्यायची का? पण आमच्यात…"
मी म्हणाले, "हो गं बाई, रात्री म्हणजे रात्री. पुढचा!"

१४ नोव्हें., शुक्र.
कमलाक्का शुद्धीवर. मला ओळखलं नाही. भरतअण्णाला त्याच्या वडिलांच्या नावानं हाक मारली. तो हसला, मग बाथरूमकडं गेला, डोळे लाल करून आला. हे भरून येईल की असंच राहील, सांगता येत नाही. मेंदूला साखर मिळाली नाही तेवढा वेळ.

दुपारी माझा हात धरला आक्कांनी. "रात्रीचं पाणी पिलो गं मी." आजाराचं काही नाही, तेच घेऊन बसल्या. लग्न होऊन आल्यापासनं मोडला नव्हता नेम. "सून म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, औषधाला दोष न्हाय आत्ती. मग पिलो."

म्हणजे दोन्ही मीच. साखरही, नेमही.

१५ नोव्हें., शनि.
चिकोडीहून लेक आलीय आक्कांची. आईशी कन्नडमधून हळू बोलते, भावजयीशी कुठल्याच भाषेत बोलत नाही. आईला भरवायला त्रिशलाला आत येऊ देत नाही. ती आपली पायरीवर बसलेली. नातेवाईक येतात, शेजारून जाताना एकेक टोमणा मारतात. "शिकलेली ना ही?" वगैरे.

माझ्यासाठी शेंगा. नवा गूळ. एक म्हातारा चक्क पाया पडला. "देवमाणूस तुम्ही." चिडले त्याच्यावर. का चिडले ते त्याला काय कळणार!

यांना फोन केला. हे म्हणाले, "मुद्दाम केलंस का? नाही ना? मग गप्प बस. उगीच कोर्टकचेऱ्या लावून घेशील." नवरा म्हणून बरोबर बोलले. फोन ठेवला आणि बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

१६ नोव्हें., रवि.
नर्सला फाडफाड बोलले, सलाइनची बाटली वेळेत बदलली नाही म्हणून. बदलली होती. सिस्टर लूसीनं बाजूला घेतलं. "त्या सुनेला काय सांगायचं ते सांगा, डॉक्टर. नाहीतर नका सांगू. पण माझ्या मुलींवर राग काढू नका." हिला कसं कळलं? हिला सगळंच कळतं.

आक्का आज चार पावलं चालल्या. सुनेचं नाव विसरल्यात. लेक म्हणाली, बरंच झालं.

भरतअण्णा सांगत होता, बायकोला थोडे दिवस माहेरी पाठवतोय. "थोडे दिवस" म्हणताना माझ्याकडं पाहिलं नाही.

१७ नोव्हें., सोम.
त्रिशलाला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. रात्रभर जुळवलेलं सगळं विसरले. म्हणाले, "चूक माझी आहे. तू विचारत होतीस, मी ऐकलं नाही. तुझी काहीच चूक नाही."

वाटलं, रडेल. हात तरी धरेल. तशीच उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"ते मला ठावं हाय की मॅडम," म्हणाली. "मला सांगून काय करू मी? भाईर बसल्यात त्यास्नी सांगा."

आणि गेली. बरोबरच आहे. माफीसुद्धा मी सोयीच्या जागी मागायला गेले.

१८ नोव्हें., मंगळ.
डिस्चार्ज. व्हरांड्यात सगळे होते. लेक, भरतअण्णा, दोन चुलते. त्रिशला मागं पिशव्या भरत होती. मोठ्यानं बोलले, जरा जास्तच मोठ्यानं. "भरतअण्णा, गोळी रात्री द्यायला मीच सांगितलं होतं. ती विचारत होती, मी तिला बोलू दिलं नाही. आईंना झालं ते माझ्यामुळं."

मग भरतअण्णानं हात जोडले. "मॅडम, लई मोठं मन तुमचं. तिचं घर मोडू नये म्हणून सोताच्या अंगावर घेताय व्हय?" चुलते माना डोलवायला लागले. लेक भावजयीला म्हणाली, "बघ, परकी बाई तुझ्यासाठी खोटं बोलतीया. लाज वाटू दे जरा."

मी म्हणाले, "खोटं नाही हो." म्हणाले मी. पण आवाज बसला होता. एकदाच म्हणाले. माझा आवाज, ज्याला सगळा दवाखाना वैतागतो!

त्यांनी विश्वास ठेवला नाही त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. खांदे सैल पडले. त्रिशलानं ते पाहिलं. पिशवी उचलली आणि गाडीत मागं जाऊन बसली, सासूपासून लांब, खिडकीशी.

गाडी आधी संकेश्वरला जाणार होती, तिला माहेरी सोडायला. माहेरचं घर स्टँडमागं आहे, सिस्टर लूसीनं न विचारता सांगितलं. उद्या ओपीडी नाही. सकाळी संकेश्वरला वडापची जीप मिळेल.