वाटी, कप आणि येळवस

१ डिसेंबर, रविवार. सकाळ.
सुकन्याचा फोन आला, कॅलगरीहून. मागच्या महिन्यात एकदाच आला होता. तिला वेळ नसतो, मलाही नसतो. मी आपणहून फोन करत नाही. लेकीच्या संसारात डोकावणाऱ्या आयांपैकी मी नव्हे.
यंदा येळवसेला तिकडेच मित्रमंडळींना सोल्या-पाल्याची भज्जी, ताकातली आंबील आणि बाजरीचे उंडे करून घालणार म्हणे. बर्फात! मार्गशीर्ष अमावास्येची ही पूजा आणि पंगत शेतातच शोभते. कडब्याची खोप कुठे घालणार, पूजेचे पाच दगडी पांडव कुठे मांडणार? पण विचारलं काय, तर "आई, डाळीचं पीठ किती कप?"
मी विचारलं, तुझा कप दोनशे चाळीस मिलिलिटरचा की अडीचशेचा? म्हणाली, "कप म्हणजे कप गं!" सरकारी दवाखान्यात औषधं मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि माझ्या पोटी ही. मोजून ठेवते म्हटलं, पुढच्या रविवारी फोन कर.

२ डिसेंबर.
जळकोटला पार्वतम्माला फोन केला. माझी धाकटी जाऊ. घरचं शेत तीच बघते आणि येळवसेला पन्नास-साठ माणसं जेवू घालते. पीठ किती घालतेस? "लागंल तेवढं." ताक? "माणसं बघून वो अक्का." आणि मीठ? "आता मिठाला काय इचारायलाव, चव बघायची की!" मागे कुणीतरी हसलं. वर म्हणते, "फोनवर शिजती व्हय भज्जी? या की यंदा शेतात. गाडी पाठवती."
नाही म्हटलं. हे गेल्यापासून मी जात नाही. कारण एकच, तिथे कशालाच माप नाही. मला घरी उत्तम करमतं.

४ डिसेंबर.
डिजिटल काटा आणला. घरात एका सेटच्या सहा वाट्या, आणि प्रत्येकीत वेगळं पाणी मावतं. हा देश असा चालतो. त्यातली एक प्रमाण वाटी ठरवली, १६० मिलिलिटर. दीड वाटी म्हणजे एक कप. डाळीचं पीठ सपाट वाटी ८५ ग्रॅम आणि शीग लावली की ११०. म्हणजे आजवर ज्यांनी ज्यांनी मला "वाटीभर घाला" सांगितलं, त्या सगळ्या बेजबाबदार.

८ डिसेंबर, रविवार.
फोन आला. फक्त पिठाचं माप सांगितलं. बाकीचं विचारत होती, म्हटलं दर रविवारी एकच जिन्नस. सगळं एकदम सांगितलं की गोंधळ होतो. ही शिकवण्याची शास्त्रीय पद्धत आहे, दुसरं काही नाही. मग ती नव्या बुटांबद्दल, बर्फावर कशी आपटली त्याबद्दल बराच वेळ बोलली. मला कामं होती, पण ऐकून घेतलं.

१२ डिसेंबर.
पन्नास माणसांची भज्जी चौघांवर आणली. तुरीचे सोले, वाटाणा, हरभऱ्याचा पाला, मेथी, गाजर, सगळं ग्रॅमवर. शेजारच्या अंबिकाला डबा दिला. म्हणाली, "काकू, ही भज्जी हाय का भिंतीला लावायची लांबी?" या पिढीला चव कळत नाही. उरलेली तीन दिवस खाईन. फ्रिज कशाला असतो?
(ताक वाढवायला हवं. दीड कप.)

१५ डिसेंबर, रविवार.
फोन नाही. नेटवर्क असेल. दुपारी मेसेज आला, कुणाच्या तरी घरी पार्टी होती. बरंच झालं, मीही बिझी होते. वाट्या पुन्हा मोजल्या.

१७ डिसेंबर.
मधल्या वारीच फोन! आनंद झाला असं नाही, आश्चर्य वाटलं. म्हणाली, "आई, असं हप्त्या-हप्त्यानं नको गं. सगळं एकदाच लिहून पाठव. सारखा तुला त्रास नको."
त्रास!
म्हटलं, असा तक्ता करून देते की तुला जन्मात कुणाला विचारावं लागणार नाही. बोलून गेले.

२२ डिसेंबर, रविवार.
तक्ता पूर्ण. वाटी, कप, चमचा, ग्रॅम. मीठ सपाट चहाचा चमचा, सहा ग्रॅम. आंबिलीला ज्वारीचं पीठ किती, ताक किती, उंड्यांना पाणी किती गरम. नांदेडच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, उत्तर असं लिहा की पुढचा प्रश्नच उरू नये. चार जणांसाठी, आठ जणांसाठी आणि बारा जणांसाठी असे रकाने केले. एकासाठी केला नाही. एकट्याची कुणी येळवस करतं का?
फोटो काढून पाठवला. तरी ऐन वेळी ती अडणारच. आंबील कितपत आंबली, हे कुठल्या काट्यावर कळतं? फोन येणार.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस.
तिची रविवारची संध्याकाळ म्हणजे माझी आजची सकाळ. फोन चार्ज करून समोर ठेवला. लातूर रिकामं झालंय, सगळे शेतात. अंबिकाही कुलूप लावून गेली. जाताना म्हणाली, "चला की काकू, गाडीत जागा हाय." महत्त्वाचा फोन यायचाय म्हटलं.
अकरा वाजता वाजला. पार्वतम्मा. मागे पोरांचा कालवा. "अक्का, अजून येळ हाय, पाठवू का गाडी?" लाइन अडवू नको म्हटलं. "बरं" म्हणाली आणि ठेवला.
दुपारी सुकन्याचा मेसेज. फोटोत बारा माणसं, ताटं भरलेली. "आई, डिट्टो तुझी चव! काहीच अडलं नाही. तक्ता फ्रिजवर लावलाय. आता तुला कधीच त्रास देणार नाही."
पद्धत शंभर टक्के यशस्वी. जेवायला दहीभात.

५ जानेवारी, रविवार.
फोन नाही. स्वाभाविक आहे. विचारण्यासारखं काही ठेवलंच नाही मी.
मात्र तक्त्यात एखादी चूक राहिली असेल, तर ती कळवायला आईने आपणहून फोन करणं हे नाक खुपसणं होत नाही. ते कर्तव्य आहे.
सकाळपासून तपासते आहे. पीठ पुन्हा तोललं. मीठ तोललं. कपात पाणी ओतून पाहिलं, मग वाटीत.
चूक सापडत नाही.