श्रद्धांजलीच्या ताटात डुकराचं मुंडकं

तीर्थरूप सौ. ताईस, जोन्जूहून धाकट्या जोंग-पिलचा कमरेत वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला की अजून सगळ्या गल्लीला जागं ठेवतो? तू तोंग्योंगहून पाठवलेली सुकी मासळी पोचली. बायकोनं निम्मी शेजारीपाजारी वाटली, आणि वाटताना 'माझ्या नणंदेनं पाठवलीय' असं इतक्या वेळा म्हणाली की मासळीपेक्षा नणंदच जास्त वाटली गेली. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहिण्याची रीत आहे, म्हणून तसं लिहिलं. आता खरं काय ते सांगतो.

विद्यापीठाच्या प्राणीप्रयोग केंद्रात मी काय करतो हे तुला आजवर नीट कळलेलं नाही. (आईला शेवटपर्यंत वाटायचं, मी उंदरांचा डॉक्टर आहे. तिच्या समाधानासाठी मीही ते कधी खोडून काढलं नाही.) मी कार्यालयप्रमुख आहे. मी आयुष्यात कुणालाही सुई टोचलेली नाही. मी सह्या करतो. माझ्या सहीनं उंदीर येतात, ससे येतात, आणि त्यांतलं कुणीही परत जात नाही. औषधं अशीच तयार होतात, दुसरा रस्ता काढण्याची खटपट चालू आहे, पण तो अजून पुरता सापडलेला नाही. (तू रक्तदाबाची जी गोळी घेतेस ती तुझ्याआधी कुठल्यातरी कुत्र्यानं गिळलेली आहे. हे याआधी सांगितलं नाही, कारण ती जेवणानंतर घ्यायची असते.)

तर दर शरदात आम्ही त्या जनावरांना श्रद्धांजली वाहतो. इमारतीमागे एक दगड उभारलेला आहे, त्याच्यासमोर ताट मांडायचं, फुलं वाहायची, वाकायचं. ताटात गाजरं, सफरचंदं, कोबी, मूठभर गवत, वाडगाभर दूध. मांस अर्थातच नाही. इतकी वर्षं हे सगळं आमच्या कार्यालयातला को नावाचा म्हातारा बघायचा. तो निवृत्त झाला आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मी बाजारातल्या एका दुकानाला फोन केला आणि म्हटलं, विधीचं ताट पाठवा, चांगल्यापैकी. दुकानदारानं विचारलं, काही खास घालायचं का? मी घाईत होतो. म्हटलं, नेहमी असतं तसंच. आता त्याच्याकडे नेहमी जातं ते नव्या दुकानाच्या नाहीतर नव्या गाडीच्या मुहूर्ताचं ताट, म्हणजे मधोमध उकडलेलं डुकराचं मुंडकं. माणूस भला, त्यानं निवडून हसरं मुंडकं पाठवलं. (हसऱ्यानं बरकत येते हे मी तुला काय सांगणार? दाजींच्या बोटीच्या पूजेच्या वेळी खाटकाकडची सगळी मुंडकी तूच उलटसुलट करून पाहिली होतीस.) यंदा ज्यांना श्रद्धांजली वाहायची होती, त्यांत डुकरंही होती.

ताट आलं तेव्हा उपकुलगुरू पांढरे हातमोजे घालून दगडासमोर उभे राहिलेले होते. आमच्याकडचा नियम तुला ठाऊक आहे. वरिष्ठ जोवर चूक म्हणत नाही तोवर ती चूक नसते. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो, आणि त्यांना वाटलं की या लोकांनी मुद्दामच काहीतरी नवीन केलंय, आपण कशाला अडाणी दिसावं. मुंडकं दिसलं की त्याच्या तोंडात बरकतीची नोट खोचायची ही सवयच, हात आपोआप खिशाकडे जातो. त्यांनी नोट काढली, घडी घातली आणि डुकराच्या तोंडात खोचली. साहेबांनी खोचल्यावर न खोचायची बाकीच्यांची काय टाप? जनावरांची क्षमा मागायला आलेली माणसं रांगेनं डुकराच्या तोंडात पैसे भरू लागली.

त्यानंतर भाषण. ते सगळ्यांत लहानानं वाचायचं असतं, म्हणजे प्यो उन-सोलनं. ही आमच्याकडची जनावरांची डॉक्टर. गेल्या वर्षीच आली, आणि आल्यापासून प्राध्यापकमंडळी तिला टरकून असतात, कारण नीतिसमितीच्या बैठकीत ती प्रत्येक प्रयोगाला एकच विचारते, 'निम्म्या उंदरांत नाही का भागणार?' बहुतेक वेळा भागतं, हेच त्यांचं दुखणं. म्हाताऱ्या झालेल्या प्रयोगाच्या कुत्र्यांना तिनं घरोघर फिरून आसरा मिळवून दिला. (त्यांतला एक आमच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि मी घरात शिरलो की भुंकतो. माझी सही त्याच्या लक्षात असावी.) भाषण तिनं स्वतः लिहिलं होतं. ती म्हणाली, 'तुमच्या त्यागाबद्दल आभार, असं म्हणायची पद्धत आहे. पण तुम्ही काही दिलं नाहीत. आम्ही घेतलं.' एवढं बोलून ती रडली. मनापासून रडली. तिच्यासमोर तोंडात नोटा धरून डुक्कर हसत होतं, आणि नेमका तेव्हाच कुण्या विद्यार्थ्यानं फोटो काढला.

फोटोखाली लिहिलं होतं: आधी मारलं, मग उकडलं, आता रडतेय. संध्याकाळपर्यंत तो देशभर गेला. लोकांनी तिचं नाव शोधलं, शाळा शोधली, लहानपणचे फोटो शोधून त्यांना डुकराचं नाक लावलं. तिची आई केस कापण्याचं दुकान चालवते. ज्यांनी जन्मात जोन्जू पाहिलेलं नाही त्यांनी त्या दुकानात आपले केस किती वाईट कापले गेले याची वर्णनं लिहिली. तिलाच पिंजऱ्यात घाला, तिलाच टोचा, तिच्यावरच करा प्रयोग. जनावरांवर प्रयोग करावेत का, हे विचारणाऱ्यांना मी चुकीचं म्हणत नाही. आमच्या इमारतीत ते रोज विचारणारं एकच माणूस होतं, आणि यांनी नेमकं तेच धरलं.

एक गोष्ट मला या दिवसांत फार खुपली, ती तुला सांगतो. आमच्याकडे प्रयोग सुरू करण्याआधी लिहून द्यावं लागतं की जनावराला किती त्रास झाला म्हणजे थांबायचं. वजन इतकं घटलं, खाणं सोडलं, कोपऱ्यात तोंड घालून बसलं, की प्रयोग तिथंच बंद, मग प्राध्यापक कितीही मोठा असो. उन-सोलनं खाणं सोडलं आहे. ती भिंतीकडे तोंड करून झोपते. उंदीर असती तर तिच्यासाठी मी केव्हाच थांबण्याची सही केली असती.

मी काही केलं नाही असं समजू नकोस. मी तिच्या बाजूनं लिहिलं. 'मी एक वाटेनं जाणारा नागरिक असून या केंद्राशी माझा काडीचाही संबंध नाही,' अशी सुरुवात करून तिच्या चांगुलपणाबद्दल लांबलचक मजकूर टाकला. तो केंद्राच्या अधिकृत खात्यावरून गेला. (खातं बदलायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) उपकुलगुरूंनी बोलावून घेतलं.

'बेक, हा वाटेनं जाणारा नागरिक कोण?'

'मीच, साहेब.'

'मग वाटेनं जायचं की. थांबलात कशाला?'

शिवाय ताकीद दिली की यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही, लोक चार दिवसांत विसरतात. लोक विसरले नाहीत. उन-सोलचा राजीनामा आला.

मग मी तिच्या आईच्या दुकानात गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण दुकान रिकामं, खुर्च्या रिकाम्या, आणि ती बाई दारात गिऱ्हाईक बघून इतकी लगबगीनं उठली की मी मुकाट्यानं खुर्चीत बसलो. तिनं विचारलं, कुरळे करायचे का? मी हो म्हणालो. (मला नाही म्हणणं जमत नाही, हे बायको लग्नापासून सांगतेय. सध्या ती मला रस्त्यानं चार पावलं पुढे चालायला लावते.) डोकंभर गुंडाळ्या लागल्यावर मी तिला सांगितलं की ते मुंडकं मी मागवलं होतं, ताटाचं झाकण उघडेपर्यंत तुमच्या मुलीला ते माहीतही नव्हतं. तिनं एक गुंडाळी सोडून पुन्हा घट्ट लावली. मग म्हणाली, 'हे तुम्ही मला का सांगता? तिकडे सांगा ना.' मी म्हटलं, वरिष्ठांची ताकीद आहे. ती म्हणाली, 'हो का. तुमच्या डोक्यावर वरिष्ठ, आणि माझ्या पोरीच्या डोक्यावर सगळा देश. बरं आहे तुमचं.' आणि माझ्या डोक्यावरच्या यंत्राची आच तिनं वाढवली.

काल मी माझ्या नावानं, माझ्या फोटोसकट लिहून टाकलं की चूक माझी होती, त्या मुलीचा त्या ताटाशी काही संबंध नाही. आता लोक मला कुरळं डुक्कर म्हणतात. माझं निवृत्तीचं वय जवळ आलंय, कातडीही जाड आहे, मला ते झेपतं. काहींनी तिला सोडून मला धरलं, पण बरेचसे दोघांनाही पुरून उरलेत. उपकुलगुरूंनी अजून बोलावलेलं नाही, बोलावतील. घरी सगळ्यांना माझा नमस्कार सांग. थंडी पडायला लागलीय, गुडघे झाकून बस.

तुझा धाकटा भाऊ,
जोंग-पिल

ता. क. खरं तर हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. त्या फोटोखाली तू जे लिहिलंस ते काढून टाक. बाकीचे सगळे टोपणनावानं लिहितात; एकटी तूच पत्रासारखं खाली नाव-गाव घालतेस, आपल्या घराण्याच्या आडनावासकट, 'बेक माल-सुन, तोंग्योंग'. धक्क्यावरच्या मांजरांना रोज खाऊ घालणारी बाई तू, जनावरांच्या कळवळ्यानंच लिहिलंस हे मला ठाऊक आहे. कसं काढायचं ते सुनेला विचार. आणि नुसतं काढून भागणार नाही, तिच्या आईला स्वतः फोन कर. नंबर पाकिटावर मागच्या बाजूला लिहिला आहे.

ता. क. आणखी एक. तू लिहिलं होतंस, 'अशी मुलगी माझ्या पोटी आली असती तर जन्मतःच समुद्रात सोडून दिली असती.' माझ्या डोक्यात गुंडाळ्या असतानाच तिच्या आईनं ते मोबाइलवर माझ्यापुढे धरलं. म्हणाली, बाकीचं मी वाचत नाही, पोरंटोरं आहेत, उद्या दुसऱ्या कुणाच्या मागे लागतील. पण या बाई माझ्याच वयाच्या दिसतात, स्वतःचं नाव घालून लिहितात, म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार. उन-सोलसुद्धा हेच काढून काढून वाचते. मग आरशात माझ्याकडे बघत तिनं विचारलं, 'तुम्हीही बेकच ना? तुमच्या कुणी लागतात का या?'

मी म्हणालो, नाही.