सरजाबाईची भिंत आणि आईच्या शिव्या

झरी, १२ नोव्हेंबर २०२५

चि. ईश्वरीस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझ्या हातच्या वस्तू अशा: या घराची तिन्ही दारं, तुझा पाळणा, शेंगा फोडायचं यंत्र आणि शाळेच्या टाकीची शिडी. यातलं एकही कुणी शिकवलं नाही. सांगायचं कारण, तू पाठवलेल्या टीव्हीच्या कार्यक्रमाच्या मजकुरात मी ‘आजीचा अडाणी मुलगा’ आहे. सातवी नापास आहे, मान्य. अडाणी हे सिद्ध करावं लागेल.

दिवाळीत येऊन तू आजीच्या किल्लारी भूकंपाच्या आठवणी मोबाइलवर घेतल्यास. आता लिहितेस, आजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली. आजी कोणत्याही ढिगाऱ्याखाली नव्हती. किल्लारीपासून चार कोसांवर, सरजाबाईच्या दगडमातीच्या घरामागे आमचं कापसाच्या पऱ्हाट्यांच्या कुडाचं खोपट होतं. मी बारा वर्षांचा. खोपट नुसतं डुललं आणि माठ फुटला. नोंद करून घे: माठ.

आणि शीर्षक काय, तर ‘आजीचा शाप’. गणपती बुडवायच्या दिवशी सरजाबाईनं आमच्या दारात खरकटं पाणी फेकलं, वर हसली की हे खोपट वाऱ्यानं उडंल. आईनं सुनावलं की तुझ्या भिंती तुझ्याच उरावर पडतील. दुसऱ्या दिवशी पहाटे पडल्या. सरजाबाई गेली. तेव्हापासून आईनं कुणाला शिवी दिली नाही, शेळीलासुद्धा. भिंतीला पाठही टेकली नाही. घराच्या मधोमध बसते. बत्तीस वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं, नात म्हणून. तू ते दोन जाहिरातींच्या मधे बसवलंस. तू गेल्यापासून ती अर्ध्या भाकरीवर आहे. शाप काढ. बाकीचं खोटं तुझ्या पगारापुरतं ठेव.

पंकजाला सांग, लोणचं पोचलं, मीठ कमी. लोभ आहे; तो असा खर्च करू नये.

तुझा मामा,
सुग्रीव

पुणे, २० नोव्हेंबर २०२५

ती. मामांस शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर भांडायचं नाही, कागदावर भांडायचं, ही तुमची अट पाळायला पोस्टाची पेटी शोधत अर्धा दिवस फिरले. ‘अडाणी’ काढून ‘हुन्नरी’ केलं. ढिगारा काढला, माठ घातला. साहेबांना माठ आवडला नाही.

शाप मात्र ते सोडत नाहीत. म्हणतात, भूकंप सगळ्यांनी ऐकलाय, शाप कुणी ऐकला नाही. आजीनं ते एकदा कॅमेऱ्यासमोर सांगावं असं त्यांचं म्हणणं. मानधनाबद्दल ते स्वतः बोलतील. सोबतच्या संमतीच्या अर्जावर तुमची आणि तिची सही लागेल.

चिडू नका, पण मी पदरचं काय घातलं? आजीच म्हणते, तिच्या तोंडानं भिंत पडली. तुम्हाला एवढं सगळं बनवता येतं, तर तिला पटेल असं काही बनवा. ती नाही म्हणाली की शाप मी स्वतः काढीन, नोकरी गेली तरी.

आई म्हणते, मीठ बरोबर आहे, तुमच्या जिभेचं बघा. रागातून उरेल तेवढी माया असू द्यावी.

तुमची,
ईश्वरी

झरी, ८ डिसेंबर २०२५

चि. ईश्वरीस आशीर्वाद. वि. वि.

बनवलं. जुन्या धुलाई यंत्राची मोटर, मोटारसायकलच्या चार स्प्रिंगा, वर दाराची फळी. फळीवर दोन भिंती: एक गोटे-मातीची, वर धाब्याचं जड मातीचं छत, दुसरी पऱ्हाट्यांची. गोटे आईनंच निवडले, नाहीतर मी हलके घेतले म्हणाली असती.

मोटर लावली. दोन्ही उभ्या. आई म्हणाली, बघ, शाप दिल्याबिगर पडत न्हाई. मी भिंतीभोवती फिरून बघितलं. मग ध्यानात आलं, मी सवयीनं दगडात दगड अडकवत, सांधे बघत बांधलं होतं. वाईट बांधायला मला दोन दिवस लागले. सरजाबाईच्या गवंड्याला तो त्रास पडला नसावा.

दुसऱ्यांदा मी नऊ मोजेपर्यंत भिंत धाब्यासकट खाली. कुणी तोंड उघडलं नव्हतं. आईनं पडलेले गोटे एकेक उचलून बघितले. मग पऱ्हाट्यांच्या कुडापुढं बसली, मला पुन्हा मोटर लावायला सांगितलं आणि बत्तीस वर्षं साठवलेलं सगळं त्या कुडाला ऐकवलं. शेजारचा सूर्यभान बघायला आला होता, तो लेकरं उचलून घरी गेला. कूड हलला, डुलला, पडला नाही.

आई उठून घराच्या भिंतीशी गेली आणि पाठ टेकून बसली. म्हणाली, सरजाबाईचं हसणं लय गोड होतं, खरकटं सोडलं तर बाई वाईट नव्हती. मग भाकर मागितली, पूर्ण. तेव्हापासून शिव्या चालू आहेत. पहिली मला, फळीसाठी दार उखडलं म्हणून.

तेव्हा शापाला आणि कॅमेऱ्याला, दोन्हीला आजी नाही म्हणालीय. आता तू तुझा शब्द पाळ. अर्ज कोरा परत पाठवतोय. पंकजाच्या मिठाबद्दल माझं मत कायम. आईच्या शिव्या आणि माझी माया, दोन्ही घ्यायला संक्रांतीला ये. मोबाइल पुण्यात ठेव.

सुग्रीव मामा

ता. क. तुझ्या साहेबांचा फोन आला होता. यंत्रावर भिंत पडावी आणि तेवढ्यात आईनं शाप उच्चारावा, एकदाच. आधी एकवीस हजार म्हणाले. मी नाही म्हटलं. मग म्हणाले एक्कावन्न हजार, यंत्राचं भाडं वेगळं. मी पुन्हा नाही म्हटलं. नोंद करून घे: एक्कावन्न हजार.