काळी तीनच

३ मार्च
बायको एकतीस तारखेला निवृत्त होतेय. चौतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. निरोपसमारंभात मी गाणार. सरप्राइज. (फक्त लेकीला, कीबोर्डवाल्याला आणि ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय.) गाणं तेच, लग्नाआधी तिच्यासाठी गायलेलं. पट्टीही तीच, काळी तीन. उतरणार नाही.

५ मार्च
पहिली तालीम. अंतऱ्याला आवाज फाटला. कीबोर्डवाला म्हणाला, काका, काळी एकवर येऊ या, वरच्या पट्टीत तुम्ही गात नाही, भांडताय. म्हटलं, बाबा रे, आर्तता उंचीत असते. खाली आणलं की विरहगीताचं बातमीपत्र होतं. त्याने कीबोर्डचा आवाज वाढवला. पटलं असावं.

११ मार्च
रियाज ऑफिसच्या जिन्यात, जेवणाच्या सुट्टीत. काय घुमतो आवाज! वरचा सूर जवळजवळ लागला. नंतर हेडक्लार्क म्हणाला, लिफ्टमध्ये कोणी अडकलंय समजून वॉचमन तिन्ही मजले धावून आला. आर्तता पोचते, सिद्ध झालं.

१६ मार्च, सकाळी ६:१०
संकल्प: चहा बंद. थंड बंद. बोलणं कमी.

६:४०
चहा घेतला. उपाशीपोटी घसा कोरडा पडतो.

२२ मार्च
घसा बसला. पंखा कारणीभूत. लेक म्हणाली, बाबा, खाली घ्या ना, आईला शब्द तरी कळतील. म्हटलं, शब्द पाठ आहेत तिला. लेक म्हणाली, मग या गाण्याबद्दल ती कधीच कशी बोलली नाही? गुळण्या करायला उठलो. घसा जपायला हवा.

३० मार्च
कीबोर्डवाल्याने अक्षरशः हात जोडले. मी ठाम. अंतरा अजून एकदाही पूर्ण झालेला नाही, पण स्टेजवर माणूस वाढतो.

३१ मार्च, दुपारी ३:२०
हॉल गच्च. डॉक्टर, आया, वॉर्डबॉय, बरे झालेले पेशंट. बायको पहिल्या रांगेत. मी तिसरी गोळी चघळतोय. ॲसिडिटी.

संध्याकाळी ७
मुखडा निभावला. अंतऱ्याला चढलो आणि आवाज गेला. गेला म्हणजे गेलाच. तोंड उघडं, आत काही नाही. कीबोर्ड थांबला. एक डॉक्टर सवयीने उठून उभे राहिले.

मग बायको वर आली. माझ्या पाठीवर हात ठेवला, माइक घेतला आणि अंतरा तिथूनच उचलला. कितीतरी खाली. उशाशी बसून बोलावं तसा आवाज. कीबोर्डवाला घाईघाईने तिची पट्टी शोधत गेला, पांढरी एकवर सापडली. ‘जायचंच तर सावकाश जा’ ही ओळ मी इतकी वर्षं ट्रॅफिक पोलिसासारखी ओरडत आलो. ती विनवणी आहे, आज कळलं. आया डोळे पुसत होत्या. मीही. घशाच्या त्रासाने पाणी येतं.

घरी येताना विचारलं, तू गातेस हे मला कसं माहीत नाही? म्हणाली, रात्रपाळीत पेशंटना झोप लागेना की गुणगुणायचे. मग घरी का नाही? म्हणाली, अहो, घरी तुम्ही गात होतात ना.

१ एप्रिल
हॉस्पिटलातून फोन. दर गुरुवारी वॉर्डात गायला बोलावलंय. तिला.
स्पीकर मी उचलणार. बराच जड आहे. कोणाच्याही भरवशावर टाकण्यासारखं काम नाही.