बोर्डामागचं चाक

बाई, गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीला करंट लागला. ती वाचली, हे आधीच सांगून टाकते, कारण आम्ही काही सांगायला लागलो की तुम्ही हात वर करून म्हणायचात, "शेवट आधी सांग, मग मी शांतपणे ऐकते." ती ठीक आहे, शाळेत येते. उजव्या तळहातावर एक काळपट डाग राहिलाय, तो जाईल म्हणतात. पण मला शांतपणे सांगता येत नाहीये. दोन ओळी लिहिल्या की उठते, गॅस बंद आहे का बघते, परत येऊन बसते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मी तेव्हा खंडव्याला शिकत होते, मला तर कळलंही उशिरा. आता तुम्हाला लिहून काय होणार, तेही मला समजतं. पण ही गोष्ट कोणाला सांगायला जावं तर ते लगेच "तुमची काय चूक, मॅडम" म्हणतात, नाहीतर तोंडावर काही न बोलता मागे "चूक तिचीच" म्हणतात, आणि दोन्हींचा मला सारखाच राग येतो.

मी शाहपुरला शिकवते, सरकारी मराठी शाळेत. पाचवीला ऊर्जेचा धडा आहे. पुस्तकात दोन पानं आणि एक पवनचक्कीचं चित्र. मी तुमच्यासारखंच करते, आधी पुस्तक बंद. पोरांनी तळहात घासून गालाला लावले. रबर ताणून कागदाचे गोळे उडवले, त्यातला एक माझ्या चष्म्यावर बसला. केळीच्या सोपट्याच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, पात्या कापून चाक केलं आणि नळाच्या धारेखाली धरलं, तेव्हा निम्मा वर्ग भिजला. मग सेल, तार आणि टॉर्चचा बारका बल्ब. ही मुलगी तिसऱ्या बाकावर बसते. घरची केळीची बाग, वडील केळीच्या गाड्या भरून देतात. एका सेलवर बल्ब मिणमिणला, तशी ती म्हणाली, "मॅडम, दोन लावू?" दोन लावले, उजेड वाढला. "तीन?" तीन लावले, अजून वाढला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मग अजून जास्त कुठून आणायचं?" आणि घंटा झाली. पोरं दप्तरं भरायला लागली, बाकं सरकली. त्या गडबडीत मी ओरडून सांगितलं, "घरी बोर्डाच्या भोकात तारा घालायच्या नाहीत हं कोणी!" सांगितलं होतं, बाई. पण घंटा वाजत होती.

बल्ब आणि तारेचे तुकडे घरी न्यायला मीच दिले होते. ती घरी गेली, दप्तर ठेवलं आणि जिथे सगळ्यात जास्त मिळेल तिथून घ्यायला गेली. बल्ब फुटला, ती मागे फेकली गेली. तिच्या आईचा मला फोन आला तेव्हा मी बसमधून उतरत होते. फोनवर नुसतं रडणं. मग कोणीतरी पुरुष बोलला, "मॅडम, पोरीले करंट लागला, बुऱ्हाणपूरले घेऊन चाललो." मी घरी न जाता तशीच दवाखान्यात गेले. आमचे हेडमास्तर माझ्या आधी तिथे होते, त्यांच्याच गाडीतून तिला आणलं होतं. पोरगी शुद्धीवर होती. हाताला पट्टी. मला बघून ती पहिलं वाक्य बोलली, ते मी अजून डोक्यातून काढू शकत नाही. "मॅडम, तो तर पेटलाच नाही."

तिचा विचार बरोबर होता, हेच मला स्वस्थ बसू देत नाही. एकापेक्षा दोन, दोनपेक्षा तीन, मग बोर्ड. जे मी शिकवलं तेच तिने पुढे नेलं. ज्यांनी काहीच ऐकलं नव्हतं ती सगळी पोरं सुखरूप घरी खेळत होती.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं. ओरडले नाहीत. चहा सांगितला. म्हणाले, "मॅडम, एक बात सुनो. तुम्ही चांगलं शिकवता, मी कुठे नाही म्हणतो? पण ये तार-वार, सेल-बल्ब सब बंद. फळ्यावर चित्र काढा, पोरं उतरवून घेतील, काम खत्म." खरं सांगू का, मला सुटल्यासारखं वाटलं. सामानाचा डबा मी स्वतः नेऊन त्यांच्या कपाटात ठेवला, आणि पुढचे कितीतरी दिवस फळ्यावर बाण काढत राहिले. सूर्यापासून झाडाकडे बाण, झाडापासून माणसाकडे बाण. पोरं गुपचूप उतरवून घ्यायची. वर्ग इतका शांत झाला की बाजूच्या वर्गातल्या मॅडम एकदा डोकावून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून.

त्या दिवसांत तुम्ही सारख्या आठवत होतात. आपली शाळा पॉवरलूमच्या वस्तीत, दिवसभर खटखट, आणि तुम्ही त्या खटखटीच्या वर आवाज चढवून शिकवताय. मधेच सगळं एकदम थांबतं. तुम्ही खडू खाली ठेवता. "काय गेलं?" आम्ही एका सुरात, "लाईट गेली!" "लाईट दिवसा कुठे लावलेली होती? मग काय गेलं?" आणि आम्ही तोंडात बोटं घालून बसतो. पण त्याहून जास्त मला तो शनिवार आठवत होता. तुम्ही घरून वातीचा स्टोव्ह आणला होता आणि पत्र्याचा डबा. झाकणाला भोक, भोकासमोर पत्र्याची भिरभिरी. वाफ आली की भिरभिरी फिरणार. ती फिरेना. भोक कशाने तरी बुजलं असणार. तुम्ही वाकून बघायला गेलात आणि झाकण उडालं. तुम्ही तोंड वाचवलंत, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी पहिल्या बाकावर होते. मी दोन्ही हातांनी डोळे झाकले.

रविवारी आईने मला तुमच्या घरी पाठवलं, कोरफडीचं पान घेऊन. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात, हाताला ओलं फडकं. तुमच्या सासूबाई बडबडत होत्या, "शाळेत काय स्वयंपाक करायला जाते का ही?" चहा करायचा होता. तोच स्टोव्ह. काडेपेटी तुमच्या डाव्या हातात होती, आणि तुम्ही ती सासूबाईंच्या पुढे धरून म्हणालात, "तुम्हीच पेटवा हो." ज्योत लागेपर्यंत तुम्ही आत आला नाहीत. मला तेव्हा वाटलं, हात दुखतोय म्हणून. आता या वयात मला ते दार आणि तुमचं तिथे उभं राहणं दिसतं, आणि कळतं की पेटी ओट्यावर टेकवून डाव्या हाताने काडी ओढता आली असती.

सोमवारी तुम्ही वर्गात तोच स्टोव्ह घेऊन आलात. पट्टी बांधलेली. पेटवण्याआधी विचारलंत, "परवा माझं काय चुकलं?" बाईंचं चुकलं असं कोण बोलणार? शेवटी मागच्या बाकावरची एकजण म्हणाली, "भोक बुजलं होतं ते बघितलं नाही." "अजून?" "तुम्ही वाकलात." "अजून?" "आम्हाला जवळ बसवलंत." तुम्ही मान हलवलीत, खडूने फरशीवर लांब रेघ ओढलीत, आम्हाला तिच्यामागे उभं केलंत आणि स्वतः काडी ओढलीत. मी डोळे झाकायला लागले तशी तुमची नजर माझ्यावर आली. "भीती वाटत असेल तर अजून मागे जा. पण बघ. बघितलंच नाहीस तर उद्या काय सांगशील?" मला सगळ्यांसमोर बोललात म्हणून मी रुसले होते. भिरभिरी फिरली त्या दिवशी. पण तुमचा हात थरथरत होता का, ते मला आठवत नाही. किती आठवून बघितलं. त्या दारापासून सोमवारच्या काडीपर्यंत तुम्ही काय केलंत, बाई? कोणाशी बोललात? की नुसत्या तशाच आलात?

मुलगी शाळेत यायला लागली, त्याआधी मी तिच्या घरी गेले. अंगणात आई केळफूल सोलत बसली होती. मला पाणी दिलं, बस म्हणाली, आणि माझं काही ऐकायच्या आत सांगून टाकलं, "मॅडम, तुमच्यावर राग नाही माहा. पण आमच्या पोरीले आता त्या तारांच्या तासाले बसवू नका. बाहेर बसवा, झाडू मारायले लावा, काही करा."

मी म्हटलं, "तो तास आता होतच नाही."

मुलगी दारात उभी होती. ती पटकन म्हणाली, "का? माझ्यामुळे?"

आईने केळफुलाचं एक पान ओढून काढलं आणि नुसतं हातात धरून ठेवलं. मी बाहेर बघितलं. बागेच्या कडेला मोटारचा स्टार्टर, त्याच्या उघड्या पेटीतून तारा लोंबत होत्या, आणि तिथूनच हिचा धाकटा भाऊ सायकलचं टायर पळवत चालला होता. घरात बोर्ड, शेतात मोटार, रस्त्यावर खांब. ही पोरगी कुठे कुठे बाहेर बसणार? मी विचार न करता बोलून गेले, "तुम्ही वर्गात या. मागे बसा. जिथे भीती वाटेल तिथे मला थांबवा."

"मले काय समजतं त्यातलं?"

"थांबवायला समजावं लागत नाही."

ती हो म्हणाली नाही. पण पुढच्या सोमवारी आली. डोक्यावर पदर, पायांतल्या चपला हातात घेऊन दारात उभी. हेडमास्तर म्हणाले, "मां खुद आली आहे, तो फिर ठीक. पण मी पण बसणार." आणि कपाटातून डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला, मग तेही मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले.

मी फळ्याकडे पाठ करून उभी राहिले आणि तुमचा प्रश्न विचारला. माझं काय चुकलं? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग त्या मुलीनेच हात वर केला, डाग असलेला. "तुम्ही घंटा वाजताना सांगितलं. मला ऐकू आलं होतं, पण मला वाटलं ते बारक्या पोरांसाठी आहे." मी म्हटलं, "अजून?" "आणि तुम्ही नुसतं नाही म्हणाल्या. का नाही, ते नाही सांगितलं."

मी डबा उघडून तार काढली, तोच मागून आवाज, "थांबा, मॅडम." मी थांबले. आई उठून उभी राहिली होती. "याच्यात करंट आहे का?"

"सेल लावला की येतो. थोडा. हात लावला तरी मारत नाही."

"अन बोर्डातला?"

"तो मारतो."

"दोन्ही तारच ना? मग हा का नाही मारत?"

बघा, मायलेकींचा प्रश्न एकच होता. बुऱ्हाणपुरातल्या एका सायकल दुरुस्तीवाल्याकडून मी जुना डायनॅमो आणला होता, सायकलच्या चाकाला घासून दिवा लागतो तो. सायकल उलटी ठेवून बसवली आणि मी आईला म्हटलं, "तुम्ही पॅडल फिरवा." ती लाजली, पोरं ओरडायला लागली, "मावशी, मावशी!" तिने पदर खोचला आणि हाताने फिरवायला लागली. चाक भराभर फिरलं. मग मी दिव्याची तार जोडली. दिवा लागला आणि तिचा हात मंदावला. तिने चमकून बघितलं. "जड झालं गं!" मी तार काढली, चाक हलकं. जोडली, पुन्हा जड. मग एकेक पोराने फिरवून बघितलं. हेडमास्तरांनीही फिरवलं आणि म्हणाले, "अरे, सच में."

"एवढ्याशा दिव्याला एवढा जोर लागतो," मी म्हटलं. "बोर्डाच्या मागे तारांनी जोडलेलं असंच एक चाक आहे, खूप लांब, या शाळेपेक्षा मोठं. पाण्याने फिरतं, वाफेने फिरतं. सेलमागे मुंगीचा जोर, तर बोर्डामागे त्या अख्ख्या चाकाचा. तार घातली की तो जोर आपल्या अंगातून जायला बघतो."

एक मुलगा म्हणाला, "आमची बागेची मोटार हाताने चालवायची तर?" "सगळी शाळा लागेल." "मास्तर पण?" "मास्तर पण." हसले सगळे. ती मुलगी हसली नाही. ती आपल्या तळहाताकडे बघत होती, मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी त्या चाकाला धरलं होतं." तिची आई तिच्याकडे बघत राहिली, आणि मला वाटतं त्या घटकेला तिला पुन्हा रडू आलं, पण फोनवरच्यासारखं घाबरून नाही, दुसऱ्याच कशाने.

जाताना ती दारात चपला घालत म्हणाली, "बसू द्या तिले. पण तारांच्या दिवशी मले फोन करत जा."

असं सगळं झालं. तसं बघितलं तर बरंच झालं. डबा माझ्याकडे परत आलाय. पोरं पुन्हा गोंगाट करतात. "का नाही" हे मी आता घंटेच्या आधी, तासाच्या सुरुवातीला सांगते. तरी मन जाग्यावर येत नाही. पोरं तारेचं टोक सोलतात तेव्हा माझे खांदे ताठ होतात. तुम्हाला असं किती दिवस झालं होतं? सोमवारनंतर संपलं का? हे विचारायला तुम्ही हव्या होतात. भिरभिरी कशी फिरते ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं, तेवढं एक सांगून जायला हवं होतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ठीक आहे. पण एक गोष्ट मी शाळेत कोणाला सांगितलेली नाही. मी तिच्या आईला फक्त तारांच्या दिवशी फोन करत नाही, रोज संध्याकाळी करते. गृहपाठ झाला का विचारते, उद्या वही आणायला सांगा म्हणते, काहीबाही. तिच्या आईला कळत असणार, पण ती बोलत नाही. ती नुसती फोन कानापासून जरा लांब धरते, म्हणजे मागे तिची पोरगी भावाशी भांडतेय, ते मला नीट ऐकू येतं.